अपेक्षाभंगाचा हिशेब

टोकियोच्या अकिहाबारा भागातल्या दुकानातून एक गिऱ्हाईक चार हजार येनांच्या आसपास मोजून एक डीव्हीडी घेते. आपल्या चलनात दोन हजार रुपयांहून थोडे अधिक. वेष्टणावर समुद्रकिनारी उभी असलेली, पोहण्याच्या पोशाखातली वीस-बावीस वर्षांची मुलगी. आत तास-सव्वा तासाचे चित्रण. घरी जाऊन गिऱ्हाईक ते पाहते आणि त्याचा हिरमोड होतो. वेष्टणावरचे छायाचित्र ज्या प्रसंगाचे, तो प्रसंग आत नाहीच. मुलगी वाळूवर धावते, झोपाळ्यावर बसते, कॅमेऱ्याकडे पाहून हसते आणि पुन्हा धावते. कथा नाही, संवाद नावापुरते, मागे स्वस्तातले संगीत. मुलीच्या चेहऱ्यावर तर कंटाळा स्पष्ट दिसतो. ‘मागच्यापेक्षा ही फिकी’ असा शेरा मारून गिऱ्हाईक ती कपाटात टाकते आणि पुढच्या महिन्यात दुसरी आणते.

या मालाला जपानमध्ये ‘इमेज व्हिडिओ’ म्हणतात आणि त्यातल्या मुलींना ‘ग्राव्ह्यूर आयडॉल’. हे अश्लील चित्रपट नव्हेत. यात नग्नता नसते, शरीरसंबंध नसतो. कायद्याच्या दृष्टीने हा चारचौघांत विकण्याजोगा माल आहे. घरातल्या सगळ्यांनी वाचायच्या रविवारच्या पुरवणीत हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण उभी हयात बँकेत कर्जाचे करारनामे आणि जामीनदारांच्या सह्या तपासण्यात गेल्यामुळे मला या फिक्या डीव्हीडीत एक जुना प्रश्न दिसतो. माल नापसंत झाला, तोटा झाला, तर तो कोणाच्या खात्यावर मांडला जातो? इथे तो दुकानदाराच्या खात्यावर पडत नाही आणि निर्मात्याच्याही नाही. तो त्या मुलीच्या नावे पडतो.

आधी शब्दाविषयी थोडे. ग्राव्ह्यूर ही मूळची छपाईची पद्धत. तांब्याचा मुलामा दिलेल्या रुळावर चित्र कोरून छपाई करायची, म्हणजे छायाचित्रातल्या सावल्या मऊ आणि खोल उमटतात. आपल्याकडचा ‘इलस्ट्रेटेड वीकली’ ज्यांनी जुन्या काळी चाळला असेल, त्यांना ती तपकिरी झाक आठवत असेल. जपानी साप्ताहिकांत अशा पद्धतीने छापलेली गुळगुळीत चित्रपाने सुरुवातीला असत. पुढे छपाईचे तंत्र बदलले, नाव मात्र पानांना चिकटून राहिले आणि पानांवरून ते मुलींना चिकटले. १९६४ मध्ये ‘हेइबोन पंच’ आणि १९६६ मध्ये ‘साप्ताहिक प्लेबॉय’ ही तरुणांची साप्ताहिके निघाली. (या दुसऱ्याचा अमेरिकी ‘प्लेबॉय’शी संबंध नाही.) १९७५ मध्ये क्लॅरियन या मोटारींचे ध्वनिसंच बनवणाऱ्या कंपनीने होनोलुलूच्या अॅग्नेस लम या मुलीला आपल्या जाहिरातीचा चेहरा केले आणि साऱ्या जपानला तिने वेड लावले. चेहरा नि अंगलट एवढ्यावर, गाणे-नाचणे-अभिनय यांपैकी काही न करता, एखादी मुलगी देशभर ओळखीची होऊ शकते हे व्यापाऱ्यांच्या लक्षात आले, ते बहुधा तिच्यामुळे.

जपानी माणूस ही छायाचित्रे लपूनछपून पाहत नाही, हेही सांगायला हवे. ‘यंग जंप’, ‘यंग मॅगझिन’ ही चित्रकथांची साप्ताहिके. त्यांच्या मुखपृष्ठावर अशी मुलगी असते आणि ती गल्लीतल्या दुकानात दुधाच्या पिशवीशेजारी विकली जातात. ऑगस्ट २०१९ च्या अखेरीपर्यंत सेव्हन-इलेव्हन, फॅमिलीमार्ट आणि लॉसन या मोठ्या दुकानसाखळ्यांनी प्रौढांसाठीची मासिके ठेवणे बंद केले. रग्बीचा विश्वचषक आणि ऑलिम्पिक तोंडावर होते, परदेशी पाहुणे येणार होते. चित्रकथांची साप्ताहिके मात्र जागेवरच राहिली. ‘हे चालेल’ आणि ‘ते चालणार नाही’ यांतली रेघ तिथल्या समाजाने मारली ती अशी, आणि ग्राव्ह्यूरची मुलगी त्या रेघेच्या अगदी काठावर, पण अलीकडच्या बाजूला उभी आहे. याच रेघेने पुढे तिचा घात केला, ते सांगतो.

साप्ताहिकातली छायाचित्रे ही मुख्यतः जाहिरात. पैसे उभे राहतात ते छायाचित्रसंग्रहांतून, डीव्हीडींतून आणि दुकानातल्या कार्यक्रमांतून. या कार्यक्रमांची तऱ्हा पाहण्यासारखी आहे. नवी डीव्हीडी निघाली की मुलगी स्वतः दुकानात येते. एक घेतली तर हस्तांदोलन किंवा सही. दोन घेतल्या तर तिच्या शेजारी उभे राहून छायाचित्र. तीन घेतल्या तर आणखी काही सवलत. एकच चित्रण तीनदा विकत घेणारा माणूस ते पाहण्यासाठी घेत नाही, हे उघड आहे. तो अर्ध्या मिनिटाची ओळख विकत घेतो. मग डीव्हीडीच्या आत चांगले काही घालण्याची निर्मात्याला गरजच काय? चार दिवसांत ओकिनावा, ग्वाम नाहीतर बाली येथे जाऊन, मोजकी माणसे घेऊन चित्रण उरकले की झाले. फिकेपणा हा चुकून राहिलेला दोष आहे, असे गिऱ्हाइकाला वाटते. माझ्या मते तो धंद्याच्या बांधणीतूनच आलेला आहे. वेष्टण जे सुचवते ते आत कधीच द्यायचे नाही, म्हणजे पुढच्या वेष्टणाची ओढ टिकते.

ही ओढ कायम ताणत ठेवणे सोपे नसते. पहिली डीव्हीडी नवलाईवर खपते. दुसरीत तोच किनारा, तिसरीत तोच झोपाळा. खप उतरू लागतो आणि तक्रारींचा सूर ठरलेला असतो: ‘काहीच दाखवले नाही.’ इथे कोणी दिग्दर्शक बदलत नाही, बरे पटकथालेखक आणत नाही. त्याला पैसे पडतात. कापड कमी करायला मात्र खर्च येत नाही. म्हणून तिसऱ्या-चौथ्या करारापाशी मुलीला सांगितले जाते की, गिऱ्हाईक नाराज आहे, या वेळी जरा पुढे जावे लागेल. या शतकाच्या सुरुवातीला यातून ‘चाकुएरो’ नावाचा एक स्वतंत्र प्रकारच उदयाला आला. अंगावर कपडा आहे म्हणून नियमात बसणारा, आणि कॅमेऱ्याची नजर मात्र कपड्याला न जुमानणारी. काही निर्मात्यांनी अल्पवयीन मुलींनाही त्यात ओढले. २००७ मध्ये सतरा वर्षांच्या मुलीच्या एका डीव्हीडीवरून टोकियो पोलिसांनी निर्मात्यांना अटक केली, तेव्हा कपडा आहे म्हणजे सर्व माफ, हा समज ढळला. मुलांच्या संरक्षणाचा कायदा तिथे १९९९ पासून होता. असे साहित्य नुसते बाळगणे हा गुन्हा ठरायला मात्र २०१४ ची दुरुस्ती यावी लागली.

मग मुली या वाटेला जातातच का? कारण वाटेच्या शेवटी खरोखरच काही जणी पोचलेल्या दिसतात. एइको कोइके ही नव्वदच्या दशकाच्या अखेरीची ग्राव्ह्यूर आयडॉल. २०२२ मध्ये एनएचकेच्या वर्षभर चालणाऱ्या ऐतिहासिक मालिकेत तिने होजो मासाकोची प्रमुख भूमिका केली. हारुका आयासे हिचीही सुरुवात अशाच छायाचित्रांतून झाली, आणि २०१३ च्या ऐतिहासिक मालिकेची ती नायिका होती. लॉटरीच्या दुकानावर बक्षीस लागलेल्यांचे फोटो टांगलेले असतात, तशी ही नावे दलालांच्या बैठकीत टांगलेली असतात. न लागलेल्या तिकिटांचा फोटो कोणी लावत नाही.

शिवाय वाट अरुंद होत गेली. २००५ मध्ये अकिहाबारातच यासुशी आकिमोतो या गीतकाराने एकेबी-४८ हा गायिकांचा मोठा चमू उभा केला. गाण्याच्या सीडीसोबत मतपत्रिका आणि हस्तांदोलनाची चिठ्ठी देण्याची त्याची युक्ती अफाट चालली. थोड्याच वर्षांत साप्ताहिकांची मुखपृष्ठे त्या चमूतल्या मुलींनी भरली आणि नुसत्या ग्राव्ह्यूरवर जगणाऱ्या मुलींना पाने मिळेनाशी झाली. त्यातच जपानमधली छापील पुस्तके-मासिके यांची विक्री १९९६ मध्ये शिखर गाठून उतरू लागली होती. २०१६ मध्ये तर चार दशकांत प्रथमच मासिकांची विक्री पुस्तकांपेक्षा खाली आली. पाने कमी, उमेदवार तेवढ्याच. अशा बाजारात दर कोण ठरवतो, हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही.

आता कराराकडे वळू. या मुली बहुधा कोणाच्या नोकरीत नसतात. दलाल-संस्थेशी त्यांचा ‘काम सोपवण्याचा’ करार असतो. म्हणजे कागदोपत्री त्या स्वतंत्र व्यावसायिक. त्यामुळे कामगार कायद्याचे छत्र सहजी मिळत नाही, आणि अटी मात्र वेठबिगाराला शोभतील अशा. त्यांतली प्रसिद्ध अट म्हणजे कोणाशीही प्रेमसंबंध ठेवायचे नाहीत. गिऱ्हाइकाचे मनोराज्य मोडू नये यासाठी मुलीच्या आयुष्यावर लावलेली ही जप्तीच. सप्टेंबर २०१५ मध्ये टोकियो जिल्हा न्यायालयाने, ही अट मोडली म्हणून सतरा वर्षांच्या एका माजी आयडॉलला साडेसहा लाख येनांच्या आसपास भरपाई द्यायला सांगितले. चारच महिन्यांनी, जानेवारी २०१६ मध्ये, त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या निकालात तेवीस वर्षांच्या माजी आयडॉलविरुद्धचा सुमारे एक कोटी येनांचा दावा फेटाळला गेला. प्रेम करणे हा सुखाच्या शोधाचा भाग आहे आणि त्यासाठी दंड मागणे फार झाले, असा त्याचा आशय. हे निकाल गायन-नृत्याच्या आयडॉलांचे आहेत, पण करारांची घडण एकाच कारखान्यातली. एकाच इमारतीत चार महिन्यांत दोन विरुद्ध उत्तरे मिळाली, यावरून त्या कागदाची प्रतिष्ठा किती ते समजावे.

मार्च २०१६ मध्ये ‘ह्यूमन राइट्स नाऊ’ या टोकियोतल्या संस्थेने एक अहवाल काढला. मॉडेलिंग किंवा ग्राव्ह्यूरच्या नावाखाली मुलींना बोलावून, सही झाल्यावर दंडाची भीती घालून त्यांना थेट अश्लील चित्रपटांत उतरवले जाते, असे त्यात पुढे आले. काठावर उभ्या असलेल्या मुलीला एक धक्का पुरतो. या अहवालानंतर सरकारला जाग आली, पण कायदा व्हायला आणखी सहा वर्षे लागली, आणि तोही एका वेगळ्याच कायद्यामुळे घाईने झाला.

ही हकिगत मला सगळ्यांत विलक्षण वाटते. जपानमध्ये सज्ञानतेचे वय १८७६ पासून वीस होते. त्याच्या आदल्याच वर्षी, १८७५ मध्ये, हिंदुस्थानात ते अठरा ठरले. न्यायालयाने पालक नेमला असेल तर एकवीस, असा आपल्याकडे अपवाद होता. तो १९९९ मध्ये गेला. आमच्या बँकेत अठरा पुरी नसलेल्याची सही कर्जाच्या कागदावर घेणे म्हणजे कोऱ्या कागदावर कर्ज देण्यासारखे. १९०३ च्या मोहरीबीबी खटल्यापासून आपल्याकडे अज्ञानाचा करार मुळातूनच रद्दबातल असतो. जपानमध्ये तो रद्दबातल नसतो, पण पालकांच्या संमतीवाचून केलेला असेल तर नंतर मोडता येतो. १ एप्रिल २०२२ रोजी जपानने सज्ञानतेचे वय अठरावर आणले. तरुणांना मान देणारी सुधारणा म्हणून तिचे स्वागत झाले. पण त्या दिवसापासून अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीची सही पक्की झाली. आदल्या दिवसापर्यंत तिची आई दलालाकडे जाऊन ‘आमची संमती नव्हती, करार मोडला’ असे म्हणू शकत होती. दुसऱ्या दिवशी तो आधार राहिला नाही.

याने काय होईल, हे पीडित मुलींच्या मदतीला धावणाऱ्या संस्थांनी ओरडून सांगितले. परिणामी सर्व पक्षांच्या खासदारांनी मिळून एक विधेयक आणले आणि १५ जून २०२२ रोजी ते संमतही झाले. आठवड्याभरात, २३ जूनला, अमलात आले. या कायद्यातल्या तरतुदी मी बँकरच्या नजरेने वाचल्या आणि मला त्यांचे कौतुक वाटले. करार लेखी हवा आणि समजावून दिलेला हवा. करारानंतर एक महिना चित्रीकरण नाही. चित्रीकरणानंतर चार महिने प्रकाशन नाही. सही केली असली तरी ऐनवेळी नकार देता येतो आणि त्याबद्दल भरपाई मागता येत नाही. प्रकाशनानंतरही एक वर्षापर्यंत कोणतेही कारण न देता करार मोडता येतो; पहिल्या दोन वर्षांच्या संक्रमणकाळात तर ही मुदत दोन वर्षांची होती. करार मोडला की चित्रण बाजारातून मागे घ्यावे लागते. वयाची अट नाही, चाळिशीच्या बाईलाही हेच हक्क. कर्जदाराला इतका विचार करायला वेळ देणारा करारनामा मी साऱ्या नोकरीत पाहिला नाही.

पण हा कायदा लागू कोणाला? ज्या चित्रणात शरीरसंबंध आहे, त्यात काम करणाऱ्यांना. आमच्या डीव्हीडीतली मुलगी वाळूवर धावते आणि झोपाळ्यावर बसते. ती रेघेच्या अलीकडे आहे; म्हणून तिला ना महिन्याचा अवधी, ना चार महिन्यांची थांब, ना वर्षाची परतीची वाट. एप्रिलमध्ये तिच्या आईचा हक्क गेला आणि जूनमध्ये नवा हक्क मिळाला तो दुसरीला. सभ्य समजल्या जाणाऱ्या धंद्यातल्या मुलीला असभ्य समजल्या जाणाऱ्या धंद्यातल्या मुलीपेक्षा कमी संरक्षण मिळावे, असे कोणी मुद्दाम ठरवले नसेल. कायदा करणाऱ्यांनी धोका शरीरसंबंधात पाहिला. ‘या वेळी जरा पुढे जावे लागेल’ हे वाक्य ज्या बंद खोलीत, विमानाची तिकिटे काढून झाल्यावर, परक्या बेटावर ऐकवले जाते, तिथला धोका त्यांना मोजता आला नाही.

दुसऱ्या टोकाचा उत्साहही पाहायला मिळाला. जून २०२३ मध्ये टोकियोलगतच्या साइतामा जिल्ह्यात सरकारी उद्यानांच्या जलतरण तलावांवर अशा मुलींचे छायाचित्रण-मेळावे व्हायचे होते. तिकीट काढून यायचे आणि छायाचित्रे घ्यायची, असा हा प्रकार. कम्युनिस्ट पक्षाच्या प्रतिनिधींनी आक्षेप घेतला, आधीच्या मेळाव्यांत नियम मोडले गेल्याचे आणि अल्पवयीन मुली आल्याचे सांगितले गेले, आणि उद्यान संस्थेने मेळावेच रद्द करायला लावले. ज्यांनी नियम मोडलेच नव्हते त्यांचेही. आयोजकांबरोबर मुलीही संतापल्या, कारण त्यांची ठरलेली कमाई बुडाली होती. चार दिवसांत राज्यपालांनी तो आदेश मागे घ्यायला लावला. अल्पवयीनांना मज्जाव हवाच होता, यात दुमत नाही. पण त्या मेळाव्यातल्या सज्ञान मुलीला तिच्या कराराची प्रत मिळाली आहे का, नकार दिला तर तिला दंड बसतो का, हे त्या चार दिवसांच्या गदारोळात कोणी विचारले असेल, तर ते माझ्या वाचनात आले नाही. तिच्या पोशाखावर मात्र सर्वांनी मत दिले.

थोडी हालचाल आता दुसऱ्याच दाराने होते आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून जपानमध्ये स्वतंत्र व्यावसायिकांच्या संरक्षणाचा कायदा लागू झाला. काम देणाऱ्याने अटी लेखी द्यायच्या, साठ दिवसांच्या आत पैसे चुकते करायचे, छळाची तक्रार ऐकण्याची सोय ठेवायची. तो लिहिला गेला सामान देणाऱ्या स्वारांना आणि संगणकावर काम करणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून; पण ‘तू नोकर नव्हेस, स्वतंत्र व्यावसायिक आहेस’ हे जे वाक्य आयडॉलांना आजवर हक्क नाकारण्यासाठी ऐकवले जाई, तेच आता त्यांना या कायद्याच्या छत्राखाली आणू शकते. व्यापारी स्पर्धेवर देखरेख करणारा तिथला आयोगही कलाकारांच्या करारांकडे पाहू लागला आहे. संस्था सोडून जाणाऱ्या कलाकाराची वाट अडवणे हा स्पर्धा-कायद्याचा भंग ठरू शकतो, ही भूमिका त्याने २०१९ मध्येच मांडली. जानी कितागावा या बड्या निर्मात्याने दशकानुदशके मुलांवर केलेले अत्याचार २०२३ मध्ये त्याच्या कंपनीला जाहीरपणे मान्य करावे लागले, तेव्हापासून या धंद्याच्या बंद खोल्यांत डोकावण्याचे धैर्य वृत्तपत्रांनाही आले आहे. मात्र तिथे बळी पडलेली होती ती लोकप्रिय मुले. त्यांच्यामागे लाखो चाहते होते. फिक्या डीव्हीडीतल्या मुलीला फार तर काहीशे गिऱ्हाइके, आणि तीही तिच्यावर नाराज.

या नव्या कायद्याने तिला अटी लेखी मिळतील आणि पैसे वेळेवर मिळतील. चित्रण मागे घेण्याचा हक्क मिळणार नाही. अकिहाबारात जुन्या डीव्हीडींची दुकाने आहेत. हिरमोड झालेला गिऱ्हाईक आपले कपाट तिथे रिकामे करतो आणि पडत्या भावात ती डीव्हीडी पुन्हा फळीवर येते. मुलीने एव्हाना हा धंदा सोडलेला असतो. ती कुठे कचेरीत कामाला असेल, तिला मूल झाले असेल. वेष्टणावर तिचे नाव तेच आहे, वय वीस आहे, आणि किंमतीची चिठ्ठी तेवढी नवी.